टेंपेलहोफचे मोकळे मैदान

बर्लिन शहराच्या दक्षिण भागात भुयारी आगगाडीचे एक लहानसे स्थानक आहे. त्याचे नाव 'पारादे-श्ट्रासे', म्हणजे कवायतीचा रस्ता. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्या शहरी आमच्या भाच्याकडे उतरलो होतो. पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो आम्हांस या स्थानकावर उतरवून टेंपेलहोफच्या मैदानावर घेऊन गेला. फाटकातून आत शिरताच नजर ठरेना. समोर क्षितिजापर्यंत गवत, त्यात विमानांच्या दोन लांबच लांब धावपट्ट्या, आणि त्या धावपट्ट्यांवर विमानांऐवजी सायकलवर बसलेल्या बायका, चाकांचे बूट घातलेली पोरे, पतंग उडविणारे म्हातारे. एका बाजूस तुर्की कुटुंबे निखाऱ्यांवर मांस भाजीत बसली होती. आमचा सारा जन्म दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गेलेला. तेव्हा तोंडून पहिला उद्गार निघाला तो हा की, 'अरे, एवढी जागा या सरकारने मोकळी ठेवली तरी कशी!' भाचा हसून म्हणाला, 'मामा, सरकारने नाही ठेवली. सरकारला ती ठेवायचीच नव्हती.'

या भाच्याने त्याच शहरात भाड्याची जागा मिळावी म्हणून आठ महिने लोकांचे उंबरठे झिजविले होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण ज्या सरकारी योजनेची हकीकत आम्ही सांगणार आहोत, ती त्याच्यासारख्यांस घरे देण्याचीच होती, आणि ती बर्लिनच्या मतदारांनी १४ च्या साली, म्हणजे २०१४ च्या मे महिन्यात, आपल्या हातांनी मोडून टाकली.

या भूमीचा इतिहास मागे नेला तर तो थेट धर्मयोद्ध्यांपर्यंत जातो. ख्रिस्ती धर्मयुद्धांतील 'टेंपलर' नावाच्या लढाऊ संन्याशांच्या पंथाने तेराव्या शतकाच्या सुमारास येथे वसाहत केली, व त्यांच्यावरून गावास टेंपेलहोफ हे नाव पडले. पुढे प्रशियाचा राजा पहिला फ्रीड्रिख विल्हेल्म याच्या कारकीर्दीत, अठराव्या शतकात, गावाबाहेरची ही शेतजमीन सैन्याच्या कवायतीसाठी वापरली जाऊ लागली. शिपायांचे कौतुक हेच ज्याच्या राज्यकारभाराचे सार, त्या राजाला सपाट व मोकळ्या जमिनीचे महत्त्व कळले नसते तरच नवल. पुढील दीडशे-दोनशे वर्षे बर्लिन चोहोंकडून वाढत गेले. पण हा तुकडा मात्र तसाच राहिला, कारण तो लष्कराचा होता. ज्या दिवशी कवायत नसे त्या दिवशी शहरातील लोक शिदोरी घेऊन तेथे येत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील आरंभीच्या फुटबॉल-मंडळ्यांनी येथेच चेंडू उडविला. १९०९ च्या सप्टेंबरात ऑर्व्हिल राइट याने हजारो बर्लिनकरांच्या डोळ्यांदेखत आपले विमान येथूनच आकाशात नेले. अर्थात लष्करी हक्क आणि लोकांचा वहिवाटीचा हक्क हे दोन्ही या मैदानावर फार पूर्वीपासून एकत्र नांदत होते, व त्यांपैकी दुसऱ्याचा कागद कोठेही झालेला नव्हता.

२०१४ च्या वादात फारसे कोणी ज्याचे स्मरण केले नाही असे एक पूर्वीचे प्रकरण येथे सांगितले पाहिजे. १९१० साली प्रशियाच्या युद्धखात्याने मैदानाचा पश्चिमेकडील भाग विकावयास काढला. बर्लिन शहर आणि टेंपेलहोफची ग्रामसंस्था यांच्यात चुरस लागून तो ग्रामसंस्थेने सात कोटी वीस लक्ष मार्कांना घेतला. एवढी किंमत मोजली म्हणजे ती भरून काढण्यास जमिनीवर दाटीने उंच इमारती उठविणे ओघानेच आले. चाळी म्हणाव्यात अशा पाच मजली इमारतींचा आराखडा निघाला व त्यांतल्या थोड्या उभ्याही राहिल्या. इतक्यात पहिले महायुद्ध आले. युद्धानंतर पैसा उरला नव्हता, राजाही उरला नव्हता. आणि परत आलेल्या शिपायांना हवा-उजेड असलेले घर द्यावे हा विचार बळावला होता. तेव्हा जुना आराखडा गुंडाळून ठेवून बाकीच्या जागेवर ठेंगणी, परसबाग असलेली घरे बांधण्यात आली. ती वस्ती आजही उभी आहे आणि पाहण्यासारखी आहे. म्हणजे लष्कराने सोडलेल्या या जमिनीवर सरकारी कागदावरील योजना मोडण्याचा प्रघात तसा जुनाच म्हणावयाचा. फरक एवढाच की, पहिल्या खेपेस मोडलेल्या योजनेच्या जागी तीहून चांगली योजना आली.

उरलेल्या मैदानावर १९२३ च्या ऑक्टोबरात नागरी विमानतळ सुरू झाला. दहा वर्षांनी, १ मे १९३३ रोजी, हिटलरने याच जागी कामगारदिनाचा अवाढव्य मेळावा भरविला. लाखो कामगार झेंड्यांच्या भिंतींमध्ये उभे करण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देशभरच्या कामगारसंघांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन त्यांच्या पुढाऱ्यांस अटक झाली. मैदानाच्या उत्तर सीमेवर 'कोलंबिया हाऊस' नावाचा जुना लष्करी तुरुंग होता. तेथे गुप्त पोलिसांनी छळछावणी चालविली. १९३६ मध्ये ती बंद झाली व १९३८ मध्ये नव्या विमानतळासाठी इमारतही पाडण्यात आली. हा नवा विमानतळ म्हणजे एर्न्स्ट सागेबील या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली, धनुष्याप्रमाणे वाकलेली, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीची दगडी इमारत. तिच्या छपरावर बसून हजारो प्रेक्षकांनी हवाई कसरती पाहाव्यात अशी कल्पना होती. तो प्रसंग कधीच आला नाही. युद्ध संपेपर्यंत विमानतळ म्हणून तिचा खरा उपयोग झालाच नाही. तिच्या दालनांतून वेठीस धरून आणलेल्या परदेशी मजुरांकडून लढाऊ विमाने जुळवून घेण्याचे काम मात्र झाले.

यानंतरचा प्रसंग जगास ठाऊक आहे. १९४८ च्या जूनमध्ये रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे व कालवे बंद केले. वीस लाखांवर वस्तीचे शहर आकाशमार्गे पोसण्याचा विक्रम अमेरिका व इंग्लंड यांनी सुमारे पंधरा महिने चालविला. एकंदर तेवीस लक्ष टनांच्या आसपास माल विमानांनी आणला, आणि त्यातला मोठा भाग धान्याचा नसून दगडी कोळशाचा होता, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. टेंपेलहोफवर ऐन भरात दर दोन-तीन मिनिटांस विमान उतरे. विमाने घरांच्या कौलांवरून इतकी खाली येत की, मुले कुंपणापाशी मातीच्या ढिगांवर उभी राहून वैमानिकांस हात करीत; हाल्व्होर्सन नावाच्या अमेरिकन वैमानिकाने त्यांच्यासाठी हातरुमालाच्या छत्र्या करून चॉकलेटे टाकण्यास आरंभ केला, व ती विमाने लोकांच्या तोंडी 'मनुकांची विमाने' झाली. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी बाँब टाकले त्यांनीच आता मनुका टाकाव्यात, हा पालट ज्या पिढीने पाहिला तिच्या मनात या मैदानाविषयी कोणती भावना राहिली असेल याची कल्पना वाचकांस करता येईल. अमेरिकन हवाई दलाचा येथील तळ पुढे १९९३ पर्यंत होता.

तळ उठला, जर्मनी एक झाली, आणि सरकारी खलबते सुरू झाली. १९९६ मध्ये असे ठरले की, शहरातील विमानतळ बंद करून शहराबाहेर एकच मोठा विमानतळ करावा. जुन्या पश्चिम बर्लिनमधील लोकांस हे रुचले नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये विमानतळ चालू ठेवावा की नाही यावर सार्वमत घेण्यात आले. मत देणाऱ्यांपैकी शेकडा साठ लोकांनी 'ठेवावा' असे सांगितले. परंतु एकूण मतदारांच्या निदान चतुर्थांशाने होकार द्यावयास हवा होता, आणि तो भरला शेकडा २१.७. कौल बंधनकारक नव्हताच; महापौर क्लाउस वोवेराइट यांनी आपण तो मानणार नाही असे आधीच सांगून टाकले होते. ३० ऑक्टोबर २००८ रोजी शेवटची विमाने उडाली व दिवे मालवले. आमच्या मते पुढील अपयशाचे बीज येथेच पडले. लोकांस विचारावयाचे, पण उत्तर काहीही आले तरी आपले ठरलेलेच करावयाचे, हे ज्याने एकदा केले त्याला पुढच्या खेपेस लोक आपल्या परीने उत्तर देतात.

दीड वर्ष मैदान कुंपणाआड पडून होते. २००९ च्या जूनमध्ये काही हजार लोकांनी ते कुंपण ओलांडण्याचा प्रयत्न केला, तो पोलिसांनी हाणून पाडला. शेवटी ८ मे २०१० रोजी, म्हणजे युरोपातील महायुद्धसमाप्तीच्या वार्षिक दिनी, सरकारने फाटके उघडली. तीनशे हेक्टरांवर जागा, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे साडेसातशे एकर. मुंबईच्या ओव्हलसारखी तीसांहून अधिक मैदाने तीत बसतील. सिनेट (बर्लिनच्या मंत्रिमंडळाचे हे नाव) समजून होते की, ही तात्पुरती सोय आहे. लोक मात्र असे समजून आत गेले नाहीत. त्यांनी लाकडी खोक्यांत माती भरून भाज्या लावल्या. जमीन खणण्याची परवानगी नव्हती म्हणून खोकी. ज्या जमिनीत मूळ धरू देत नाहीत तिच्यावर लोकांनी आपले मूळ धरले, असे काही आम्ही त्या वाफ्यांपाशी उभे राहून म्हणालो, तेव्हा भाच्याने 'मामा, व्याख्यान नको' म्हणून आम्हांस पुढे काढले.

आता सरकारी योजना पाहू. तिची थट्टा करणे सोपे आहे. पण ती तेवढी टाकाऊ नव्हती. मधले सुमारे २३० हेक्टर मोकळेच राहावयाचे होते. बांधकाम व्हावयाचे ते कडांना: सुमारे ४७०० घरे, कचेऱ्या व दुकाने, आणि शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत. ग्रंथालयाचा खर्च सत्तावीस कोटी युरो धरला होता. उद्यानासाठी एडिंबरोच्या मंडळींचा आराखडा निवडण्यात आला. त्यात साठ मीटर उंचीचा एक कृत्रिम कडा होता, चढण्याचा सराव करण्यासाठी! सपाट भूमी हेच ज्या जागेचे सौंदर्य, तेथे डोंगर करावयाचे कोणास सुचले, हे कळत नाही. २०१७ चे आंतरराष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन येथे भरावयाचे होते. ते २०१२ मध्ये दुसरीकडे हलविण्यात आले, व कडाही कागदावरच राहिला.

ग्रंथालयाविषयी मात्र आमचे मन अद्याप हळहळते. अध्यापकाचा हा पक्षपात समजून वाचकांनी क्षमा करावी. बर्लिनचे मध्यवर्ती ग्रंथालय दोन जुन्या इमारतींत विभागलेले आहे, कारण शहरच विभागलेले होते. त्यांतील पश्चिमेकडची इमारत १९५४ मध्ये उघडली. नाकेबंदीत टिकून राहिलेल्या नगरवासीयांस अमेरिकेने दिलेली ती भेट आहे. ज्या मैदानावर ती नाकेबंदी मोडली गेली तेथेच दुभंगलेले ग्रंथालय एकत्र आणावे, यात औचित्य होते. परंतु सिनेटने हे कधी धड सांगितले नाही. लोकांस ती वोवेराइट यांची स्वतःचे स्मारक उभारण्याची हौस वाटली. त्यानंतरच्या दहा वर्षांतही ग्रंथालयास नवी इमारत लाभली नाही.

विरोधकांचा पक्ष साधा होता: मैदान शंभर टक्के जसे आहे तसे राहू द्या. त्यांनी १ लक्ष ८५ हजारांच्या घरात वैध स्वाक्षऱ्या मिळविल्या आणि नियमाप्रमाणे प्रश्न मतदारांपुढे गेला. २५ मे २०१४ रोजी, युरोपीय निवडणुकीच्याच दिवशी, दोन मसुदे समोर ठेवण्यात आले. एक लोकांचा, एक सरकार पक्षाचा. लोकांच्या मसुद्यास शेकडा ६४.३ मते पडली व या खेपेस चतुर्थांशाची अटही पुरी झाली. सरकार पक्षाच्या मसुद्यास साधे बहुमतही मिळाले नाही. जून महिन्यात मैदानाचा कायदा अमलात आला, आणि ४७०० घरे, कचेऱ्या, ग्रंथालय सर्व एका ओळीने रद्द झाले.

घरांची टंचाई असलेल्या शहराने घरे का नाकारली? येथे पुष्कळ लेखक गवताचे व पक्ष्यांचे कारण देतात. ते खोटे नाही. या गवतात चंडोल मोठ्या संख्येने घरटी करतात, आणि विणीच्या दिवसांत तेवढा भाग दोरखंड लावून राखला जातो. तरी चंडोलाने सरकार हरविले असे आम्हांस वाटत नाही. मतदारांचा प्रश्न असा होता की, ही घरे कोणासाठी? याच शहराने २००४ मध्ये तिजोरी रिकामी म्हणून सुमारे ६५ हजार सार्वजनिक घरे एका झटक्यात परदेशी भांडवलवाल्यांस विकली होती, आणि किंमत आली होती चाळीस कोटी युरोंच्या आसपास. ज्यांनी ती विकली तेच आता 'आम्ही स्वस्त घरे बांधू' म्हणत होते. मैदानालगतच्या नॉयक्योल्न भागात उद्यान उघडल्यापासून भाडी चढू लागली होती, ती लोकांच्या डोळ्यांसमोर होती. भरीस भर म्हणजे शहराबाहेरचा जो मोठा विमानतळ २०१२ च्या जूनमध्ये उघडावयाचा, तो तारखेच्या काही आठवडे आधी तयार नसल्याचे जाहीर झाले होते. तो उघडला २०२० च्या ऑक्टोबरात. विमानतळ बांधता येत नाही त्याने विमानतळ मोडून नगर बांधावे, यावर कोण विश्वास ठेवणार? मसुद्यात भाड्याची मर्यादा कायद्याने बांधून दिली असती, बांधकामाची सीमारेषा पुढे सरकणार नाही याची हमी दिली असती, तर निकाल निराळा लागता, असे आमचे मत आहे. योजना वाईट म्हणून ती पडली नाही. तिच्याखाली सही करणाराची पत उरली नव्हती.

येथे आपल्या मुंबईची आठवण होणे अपरिहार्य आहे. कोटाच्या भिंतींवरील तोफांचा मारा अडू नये म्हणून कंपनी सरकारने भिंतीबाहेरची जमीन मोकळी राखली होती, तीच एस्प्लनेड. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी निरुपयोगी झालेल्या भिंती पाडविल्या, आणि सरकारने तेच केले जे बर्लिनच्या सिनेटला करावयाचे होते: सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा इमारती कडेला रांगेने उभ्या केल्या व त्यांपुढचे मैदान मोकळे ठेवले. ओव्हलवर उभे राहून राजाबाई मनोऱ्याकडे पाहणारा कोणी ती योजना मोडावयास हवी होती असे म्हणणार नाही. पण मुंबईकरांस त्या वेळी कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर काय उत्तर आले असते? तोफा नाहीत, तर मैदान आमचे, असेही आले असते. आणि मग आम्ही ज्या विद्यापीठाचे पदवीधर म्हणवितो ते कोठे उभे राहिले असते, कोणास ठाऊक. म्हणून कडेने बांधावे या कल्पनेस आम्ही मनातून सर्वस्वी विरोध करू शकत नाही.

कायदा झाला तरी मैदानावरील ओढाताण संपली नाही. २०१५ च्या शरद ऋतूत सीरिया, इराक, अफगाणिस्तान येथील निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा सागेबीलच्या विमानशाळांत हजारोंची सोय पडदे बांधून करण्यात आली. पुढल्या जानेवारीत कडेला तात्पुरती निवासस्थाने उभारता यावीत म्हणून त्या कायद्यात दुरुस्ती झाली. 'आज तात्पुरती, उद्या कायमची' अशी शंका मैदानप्रेमींनी बोलून दाखविली, आणि निर्वासितांच्या दारिद्र्याआडून जमिनीचा वाद चालला, हे दृश्य कोणासही शोभणारे नव्हते. २०२१ मध्ये त्याच शाळांत साथीची लस टोचण्याचे केंद्र होते. २०२३ मध्ये अधिकारावर आलेल्या सिनेटने कडेच्या बांधकामाचा प्रश्न पुन्हा उकरला. कल्पनांची स्पर्धा, नागरिकांची चर्चामंडळे असा घाट घातला. चर्चेस बसविलेल्या नागरिकांतील बहुतेकांनी २०२४ मध्ये पुन्हा नकारच दिला.

आमचा भाचा २०१४ मध्ये त्या शहरात नव्हता, आणि असता तरी परक्या नागरिकास ते मत नव्हते. धावपट्टीवरून चालता चालता आम्ही त्याला विचारले, 'तुला मत असते, तर कोणत्या बाजूस दिले असतेस?' तो बराच वेळ बोलला नाही. त्याची खोली अंधारी, तिचे भाडे पगाराच्या निम्म्याहून थोडे कमी, आणि खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत. ते सर्व आम्ही आदल्या रात्री पाहिले होते. शेवटी तो म्हणाला, 'मामा, घर मिळाले असते तर तिकडे. पण मिळाले असते की नाही, ते कोण सांगणार?'

मैदान सूर्यास्तास बंद होते. आम्ही फाटकाकडे वळलो तेव्हा दूरवर पतंगांच्या दोऱ्या गुंडाळल्या जात होत्या, आणि रखवालदाराची गाडी धावपट्टीवरून हळूहळू येत मागे राहिलेल्यांस बाहेर जाण्यास सांगत होती.